नवकार ऐकणारे मासे

जळगावात लालचंद शेठच्या घरी नळ आला, त्या दिवशी घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. राजकुंवरबाईंनी मात्र आपला पेढा तसाच ठेवून दिला.

नळ ही सोय आहे हे त्यांनाही कळत होतं. त्या काही खुळ्या नव्हत्या. पण विहिरीचं पाणी होतं तोवर सगळं कसं सरळ होतं. पाणी आणायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, फडक्यावर जे बारीक जीव उरतील ते गाळलेल्याच पाण्याने हळूच एका भांड्यात उतरवायचे आणि त्याच विहिरीत परत सोडायचे. या उरलेल्या जिवांना म्हणायचं जीवाणी. ज्या पाण्यातली जीवाणी त्याच पाण्यात गेली पाहिजे, दुसऱ्या पाण्यात ती जगत नाही आणि पाप गाळणाऱ्याच्या माथी बसतं. वरून भिरकावायचीही नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेली खास बादली असे. ती पाण्याला टेकली की दोराला हिसका देऊन उलटी करायची. नवरा गेला तेव्हा राजकुंवरबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. तेव्हापासून अठरा वर्षं घरातलं पाणी त्यांच्याकडे होतं, आणि अठरा वर्षांत त्यांनी एकदाही ती बादली वरून पालथी केली नव्हती.

आता नळाच्या पाण्याची विहीर कोणती? पाणी येणार मेहरूणच्या तळ्यातून, गावाबाहेरून, लोखंडी नळीतून. नळीत जीवाणी परत कशी घालायची? आळीतल्या बाकीच्या ओसवाल जैन बायकांनी या गोष्टीचा फार विचार केला नाही. कुणी मोरीत ओतायची, कुणी परसातल्या हौदात. लालचंद शेठ म्हणजे राजकुंवरबाईंचे दीर, सरकीच्या व्यापारात मुरलेला माणूस. ते म्हणाले, "भाभीसा, म्युनिसिपालटीने गाळूनच सोडलंय पाणी. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता?" राजकुंवरबाईंनी फडकं उलगडून त्यांच्यापुढे धरलं. फडक्यावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी काचेसारखं टुणटुण उडत होतं. शेठनी ते पाहिलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि दुकानात निघून गेले.

शेवटी तोड निघाली ती भिकुबाईच्या पायांनी. भिकुबाई या घरी भांडी घासायला येई. मूळची पारोळ्याकडची, लग्न होऊन मेहरूणला राहायला आलेली, तोंडाने फटकळ आणि चालीने तुरतुरीत. तिने दोन दिवस हा सगळा घोळ ऐकला आणि तिसऱ्या दिवशी राखेचा हात कमरेवर ठेवून म्हणाली, "बाई, मी ते रोज मेहरूणले जास. मन्हाजोडे द्या, तळामा सोडी दिसू."

राजकुंवरबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिला पदराच्या गाठीतला खडीसाखरेचा खडा काढून दिला. तेव्हापासून असं ठरलं: आठवडाभराची जीवाणी गोळ्या-बिस्किटांच्या एका मोठ्या काचेच्या बरणीत साठवायची आणि शनिवारी भिकुबाईने ती डोक्यावर घेऊन मेहरूणला न्यायची. बरणी काचेची घेतली ती कुणी चुकून पिण्याचं पाणी समजू नये म्हणून. काचेतून आत काय चाललंय ते दिसेल, हे काही कुणाच्या मनात नव्हतं.

पण दिसायला लागलं.

राजकुंवरबाईंची खोली माडीवर, मागच्या अंगाला. एक खिडकी, एक पेटी, एक चटई, कोपऱ्यात पाण्याचे हंडे. घरातली माणसं वाईट होती असं म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. जेवण वेळेवर मिळे, दर दिवाळीला पांढरं लुगडं मिळे, आजारात वैद्य येई. धाकटी जाऊ चंद्रकांता कधी वेडावाकडा शब्द बोलली नाही. फक्त एवढंच, की त्यांच्याशी बोलणारं प्रत्येक माणूस कुठेतरी जाता जाता बोलत असे. "भाभीसा, पाणी झालं?" "भाभीसा, पापड उन्हात घातले?" उत्तर येईपर्यंत विचारणारा जिन्यात पोचलेला असायचा. पुतणे-पुतण्या धावत येत, लाडू मागत, आणि लाडू हातात पडला की पाठ फिरवत. दिवसचे दिवस राजकुंवरबाईंचा आवाज वापरातच येत नसे. कुणी अवचित काही विचारलं, तर त्यांना बोलण्याआधी खाकरावं लागे. त्या खाकरण्याची घरातल्या मुलांनी नक्कल करायला सुरुवात केली होती. राजकुंवरबाईंनी ती एकदा ऐकली आणि नंतर खाकरायचंच बंद केलं, त्यामुळे त्यांचा आवाज आणखी बारीक निघू लागला.

अशा बाईच्या खोलीत ती बरणी आली. दुपारी खिडकीतून ऊन आत येई आणि बरणी उजळून निघे. पहिल्यांदा त्यांनी नुसतं पाहिलं. मग जवळ बसून पाहिलं. मग निवडणं-टिपणं बरणीजवळ बसून होऊ लागलं.

टुणटुण उडणारा तो काचेचा जीव म्हणजे झिंगा, हे भिकुबाईने सांगितलं. एके सकाळी राजकुंवरबाईंना तो बरणीच्या तळाशी मरून पडलेला दिसला. पाय, मिशा, सगळं जागच्या जागी, पण हालचाल नाही. त्यांना रडू आलं. त्या दिवशी त्यांनी जेवण सोडलं. दुपारी पाहतात तो दुसरा तसाच झिंगा शेवाळाआडून बाहेर येऊन त्या मेलेल्याच्या शेजारी हिंडू लागला. संध्याकाळी भिकुबाई पोट धरून हसली. झिंगा वाढला की अंगावरची साल काढून टाकतो, मेलेली ती नुसती साल होती. राजकुंवरबाईही हसल्या. किती वर्षांनी हसल्या ते त्यांनाच आठवेना.

बारीक पाणगोगलगायी होत्या. त्या काचेवरचं हिरवं शेवाळ चाटत वर चढत, आणि त्यांच्या वाटेवर काच स्वच्छ होत जाई. काचेच्या आतल्या बाजूला त्यांनी जेलीसारखी अंडी घातली, ती शनिवारी बरणी रिकामी केली तरी चिकटूनच राहिली, आणि पंधरवड्यात त्यातून मोहरीएवढ्या गोगलगायी निघाल्या. आणि मग एका उन्हाळ्यात, तळ्याचं पाणी फार खाली गेलं होतं तेव्हा, फडक्यावर माशांची पाच पिल्लं आली. नुसते दोन डोळे आणि त्यामागे एक रेघ. एवढ्या लांबच्या नळीतून जिवंत कशी आली, देव जाणे.

त्या शनिवारी भिकुबाई दारात येऊन उभी राहिली. "शनवार शे आज, बाई. बरनी द्या."

"बाकीचं ने," राजकुंवरबाई म्हणाल्या. "ही पाच राहू देत. फार लहान आहेत. तळ्यातले मोठे मासे खाऊन टाकतील."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी भिकुबाईने बरणीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. "मांगला शनवारले बी तुम्ही आसंच सांगं."

"थोडी मोठी होऊ देत ग."

भिकुबाईला चार पोरं होती, भाऊबंद होते, शेजारी मासे धरणाऱ्या भोयांची घरं होती, घरी पाय ठेवला की पाठीला पाठ लागत होती. पण एका बरणीशिवाय ज्या बाईकडे कुणी नाही ती बाई कशी दिसते, हे तिला कळत होतं. त्या दिवसापासून ती नुसती बरणी नेण्याऐवजी शनिवारी तळ्याच्या पाण्याची एक घागरही घेऊन येऊ लागली. घागरीत थोडं शेवाळ असे, एखादी पाणवेल असे. अर्धं जुनं पाणी न्यायचं, अर्धं नवं घालायचं, हे तिनेच शिकवलं.

मासे वाढले. बरणी अपुरी पडू लागली. बाजारात तसबिरी मढवणारा रतिलाल होता. राजकुंवरबाईंनी भिकुबाईकरवी त्याला निरोप धाडला, आणि त्याने तसबिरींच्या काचांची, पत्र्याच्या कोपऱ्यांची, डांबराने सांधलेली एक चौकोनी पेटी करून दिली. देताना म्हणाला म्हणे, की आजवर देव मढवले, मासे पहिल्यांदाच. पेटी खिडकीत ठेवली. पाच मासे, सात-आठ झिंगे, गोगलगायी किती ते कुणी सांगावं.

यात पाप आहे हे राजकुंवरबाईंना ठाऊक होतं. जीव कोंडून ठेवणं म्हणजे बंधन, आणि बंधनाचं पाप लहान नसतं. आळीत सुंदरबाई नावाची एक वडीलधारी बाई होती, स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनाघरात, बायकांच्या सगळ्या व्रतवैकल्यांवर तिची देखरेख असे. ती एकदा माडीवर येऊन पेटी पाहून गेली आणि जिन्यातच म्हणाली, "जीवदया करता करता तुरुंग बांधला की हो राजकुंवरने!" राजकुंवरबाईंनी ते ऐकलं. मासे झिंग्यांची बारीक पिल्लं गट्ट करतात, हेही त्यांनी एका दुपारी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं ठरवून टाकलं होतं. माशांना त्यांनी नावं ठेवली नव्हती. नाव ठेवलं की मोह होतो. शेपटीला बाक असलेल्या एका माशाला त्या फक्त मनातल्या मनात 'वाकडी' म्हणत, आणि ते काही नाव नव्हे, अशी त्यांनी आपली समजूत घातली होती.

मोह मात्र पुरता झाला होता. सकाळी उठल्यावर आधी पेटीकडे नजर जाई, मग नवकार मंत्र. मासे मोजून पाच भरले की मग दिवस सुरू.

सन छत्तीसचे पर्युषण आले. आठ दिवस उपास-तापास, रोज संध्याकाळी केल्या पापांची उजळणी करायचं प्रतिक्रमण, आणि आठव्या दिवशी संवत्सरी, सगळ्या जीवमात्रांची क्षमा मागायची. त्या वर्षी जळगावात महासतींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मासाचा मुक्काम नव्हता, त्यामुळे स्थानकातलं सगळं सुंदरबाईच चालवत होती. चंद्रकांताने आठ दिवसांचा अखंड उपास धरला. राजकुंवरबाईंनी व्रत घेतलं ते वेगळं: आठ दिवस कच्चं पाणी घ्यायचं नाही, ओतायचं नाही, वापरायचं नाही. जे लागेल ते उकळलेलं, उकळण्यापुरतं पाणी भरायची तेवढी मोकळीक. कच्च्या पाण्याच्या थेंबाथेंबात जीव असतात. उकळून गार केलेलं पाणी तेवढं निर्जीव, निर्दोष. साधू-साध्वी तेवढंच पितात. बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी कच्चं पाणी गाळणाऱ्या बाईला आठ दिवस त्यापासून लांब राहावंसं वाटलं, यात नवल काही नव्हतं.

घोटाळा झाला तो भिकुबाई नसल्याने. तिची लेक ताईबाई पारोळ्याला बाळंत झाली होती आणि भिकुबाई पंधरा दिवसांसाठी तिकडे गेली होती. दोन शनिवार तळ्याचं पाणी आलं नाही. पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीतलं पाणी गढूळ दिसलं. नाक जवळ नेलं तर वास. मासे तळाशी सुस्त.

नळाचं दोन कळशी पाणी घातलं असतं तरी भागलं असतं. पण ते कच्चं पाणी, आणि व्रत मोडणं राजकुंवरबाईंच्या रक्तात नव्हतं. चंद्रकांताला सांगता आलं असतं. पण जिच्या पोटात तीन दिवस अन्नाचा कण नाही, तिला 'माझ्या माशांना पाणी घाल' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खरं कारण याहून साधं होतं. त्या घरात कुणाकडे काही मागायची राजकुंवरबाईंची सवयच मोडली होती.

त्या चुलीशी विचार करत बसल्या आणि त्यांना वाटलं, की वाट सापडली. आपण काय घालतोय त्यांना? जिवाजंतूंनी भरलेलं कच्चं पाणी. आणि या जगात सगळ्यांत शुद्ध पाणी कोणतं? जे महासती पितात ते. मग पर्युषणात या मुक्या जिवांना तरी ते का मिळू नये? या विचाराने त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. दोन हंडे पाणी खळखळ उकळलं. आत काही पडू नये म्हणून ताटली घालून, वर फडकं बांधून हंडे दिवसभर गार करत ठेवले. मग पेटीतलं जुनं पाणी वाटी-वाटीने उपसलं. उपसायला हरकत नाही, ओतायची मनाई आहे, असा त्यांनी नियमाचा अर्थ लावला, आणि मी त्यांना दोष देत नाही. तळाशी चार बोटं पाणी ठेवलं. सूर्य मावळायच्या आत, दोनदा गाळून, ते उकळलेलं शुद्ध पाणी पेटीत ओतलं. पेटी लख्ख दिसू लागली. चंद्रकांता मुलांना घेऊन स्थानकात गेली होती, शेठ गेले होते, सगळी आळी तिकडे लोटली होती. राजकुंवरबाई मात्र घरातच प्रतिक्रमणाला बसल्या. स्थानकात त्यांना भिंतीशी, शेवटच्या रांगेत जागा मिळे. तिथे एकटं वाटण्यापेक्षा घरी एकटं असलेलं त्यांना बरं वाटायचं.

पेटीसमोर आसन घातलं. नवकार म्हणायला सुरुवात केली. एरवी मनात म्हणत, आज घरात कुणी नाही म्हणून मोठ्याने म्हणाल्या.

तेवढ्यात वाकडी वर आली.

पाण्याच्या कडेशी येऊन थांबली, तोंड वर केलं आणि उघडमीट करू लागली. मग दुसरा मासा आला. मग तिसरा. एरवी माणसाची सावली पडली की पळणारे ते मासे एका ओळीत वर येऊन राजकुंवरबाईंकडे तोंड करून थांबले आणि पाचही तोंडं उघडू-मिटू लागली. राजकुंवरबाई म्हणायच्या थांबल्या, मासे गेले नाहीत. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी हळू, एकेक अक्षर सोडवून. मासे तोंड हलवत राहिले. नवकार संपला की त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणत. किती वेळा म्हणाल्या याचा हिशेब राहिला नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. उजेड जाईपर्यंत मासे तसेच समोर होते. चातुर्मासात दिव्यावर किडे झेपावतात म्हणून त्या खोलीत दिवा लावत नसत. अंधार पडला तशा त्या तिथेच आडव्या झाल्या. इतकी गाढ झोप त्यांना लग्नाआधी माहेरी लागत असे.

सकाळी पाचही मासे पालथे तरंगत होते.

झिंगे तळाशी पांढरेफटक पडले होते. गोगलगायी मात्र काचेवरून पार वर, पाण्याबाहेर येऊन चिकटल्या होत्या.

राजकुंवरबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून चंद्रकांता तीन दिवसांची उपाशी असूनही जिना चढून धावत आली. "काय झालं, भाभीसा?"

राजकुंवरबाईंनी हुंदके देत सगळं सांगितलं, म्हणजे त्यांना जे दिसलं होतं ते सांगितलं. काल संध्याकाळी पाचही जण वर आले. नवकार ऐकला. माझ्याबरोबर तोंड हलवत होते ग. आणि आज हे.

चंद्रकांता पेटीकडे बघतच राहिली. मग तिने दोन्ही हात जोडले. "भाभीसा, रडता काय? पर्युषणात, कानांवर नवकार पडत पडत देह सोडला त्यांनी. आपल्यालाही असं मरण मिळायचं नाही."

दुपारपर्यंत ही बातमी स्थानकात पोचली आणि संध्याकाळी राजकुंवरबाईंच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. सुंदरबाई स्वतः आली, मासे उचललेल्या पेटीला नमस्कार करून खाली बसली आणि म्हणाली, "राजकुंवर, नीट पहिल्यापासून सांग." तुरुंगाचं बोलणं ती पार विसरली होती. राजकुंवरबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आळीतल्या बायका आल्या, त्यांना पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी कुणी तरी नातेवाइकांना घेऊन आलं. लालचंद शेठ दुकानात गिऱ्हाइकांना सांगत, आणि घरी आल्यावर आज कोण कोण आलं होतं ते विचारत, तेही समोर बसून. चंद्रकांता जावेच्या चटईच्या कडेला बसून त्यांचा पदर सारखा करी. पुतणी मांडीवर येऊन बसली आणि लाडू न मागता बसून राहिली.

राजकुंवरबाईंचा आवाज मोकळा झाला. खाकरावं लागत नव्हतं. गोष्टही सांगता सांगता सुधारत होती. तिसऱ्या दिवसापर्यंत माशांनी पंख जोडल्याचं त्यांना आठवू लागलं होतं. मासे गेल्याचं दुःख होतं, पण खोलीत सतत माणसं असल्याने ते कुठेतरी कोपऱ्यात बसून होतं. सुंदरबाईने ठरवलं, की संवत्सरीच्या दिवशी क्षमापनेआधी राजकुंवरने पुढे बसून सगळ्या बायकांना हा प्रसंग सांगायचा.

संवत्सरीच्या सकाळी भिकुबाई पारोळ्याहून परत आली. नात झाली होती, तिच्या तोंडावर उजेड होता. माडीवर चढली, पेटी पाहिली आणि तो उजेड गेला. "मासा कोठे शेतस, बाई?"

राजकुंवरबाईंनी तिलाही सांगितलं. गोष्ट संपल्यावर पेटीशी उकिडवी बसून तिने पाण्यात बोट बुडवलं.

"पानी कोनतं टाकेल व्हतं?"

"उकळलेलं. गार करून. दोनदा गाळून."

"झाकी ठेयेल व्हतं?"

"हो. दिवसभर. काही पडू नये म्हणून."

भिकुबाईने ओलं बोट लुगड्याला पुसलं. भोयांच्या शेजारात तिची निम्मी हयात गेली होती. मासा पाण्यात कसा जगतो आणि कशाने मरतो, हे तिला चुलीवरच्या भाकरीइतकं ठाऊक होतं. न सांगता निघून जावं असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण भिकुबाईच्या तोंडात गोष्ट राहत नसे.

"बाई, पानी उकाळं का त्यामायलं वारं निंघी जास. मासाले तेच वारं लागस. त्या आयकाले वर नही उनात. त्यास्ना दम कोंडायना, म्हनीसन उनात."

राजकुंवरबाईंना आधी शब्द कळले आणि मग अर्थ कळला. उजेड जाईपर्यंत. एका ओळीत. तोंड उघडून.

"नक्की?" त्यांनी विचारलं. आवाज पुन्हा बारीक झाला होता.

"नक्की, बाई," भिकुबाई म्हणाली आणि स्वतःच रडू लागली. "मी इथे राहती ते आसं व्हतं नही."

त्या दिवशी दुपारभर राजकुंवरबाई खिडकीशी बसून होत्या. हे फक्त एका भांडीवालीला ठाऊक होतं, आणि तिचं स्थानकात कुणी ऐकणार नव्हतं. आपण गप्प राहिलो तर संध्याकाळी पुढच्या रांगेत जागा. उद्या बायका येतील, परवा येतील. पुतणी मांडीवर बसेल. बोललो तर हे सगळं जाईल, आणि मेलेले जीव काही परत येणार नाहीत. बोलून कुणाचं भलं होणार? कुणाचंच नाही. त्यांनी हा हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि तो दर वेळी गप्प राहण्याच्या बाजूनेच आला. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. माणसांशिवाय राहायची त्यांना सवय होती. माणसं मिळाल्यावर परत त्यांच्याशिवाय राहायची सवय नव्हती.

संध्याकाळी स्थानक भरलं. सुंदरबाईने त्यांना हाताला धरून पुढे बसवलं. चंद्रकांता शेजारी. शंभरेक बायका, पोरंबाळं, सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे. "सांग, राजकुंवर," सुंदरबाई म्हणाली.

राजकुंवरबाई खाकरल्या. मागे कुठेतरी एक पोर खुदकन हसलं.

"ते नवकार ऐकायला आले नव्हते," त्या म्हणाल्या. "मी उकळलेलं पाणी घातलं होतं. त्या पाण्यात हवा नसते. ते श्वासासाठी तडफडत वर आले होते आणि मी समोर बसून बघत होते. पाच मासे आणि सात-आठ झिंगे माझ्या हातून मेले. त्यांची क्षमा मागते."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. सुंदरबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाव शुद्ध होता ना? मग झालं," आणि घाईघाईने प्रतिक्रमणाला सुरुवात केली. शेवटी सगळ्या बायका एकमेकींना हात जोडून क्षमा मागत हिंडू लागल्या. 'मिच्छामि दुक्कडम्' राजकुंवरबाईंनाही सगळ्यांनी म्हटलं, पुढच्या बाईकडे वळता वळता. परतताना चंद्रकांता रस्ताभर चार पावलं पुढेच चालत राहिली. जिन्याशी आल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

"गप्प राहिला असता तर कुणाचं काय गेलं असतं, भाभीसा?" तिने विचारलं. राजकुंवरबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर ती स्वयंपाकघरात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी माडीवर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी भिकुबाई आली. उरलेल्या गोगलगायी तिने बरणीत घेतल्या. पेटीचं काय करायचं विचारलं, तर राजकुंवरबाई म्हणाल्या, ने, पोरांना दे. त्यानंतर जीवाणी दर शनिवारी न चुकता मेहरूणला जात राहिली, आणि फडक्यावर काय आलंय ते राजकुंवरबाईंनी कधी निरखून पाहिलं नाही. त्या आणखी दहा वर्षं जगल्या. दर संवत्सरीला त्या पाच माशांची आणि सात-आठ झिंग्यांची त्यांनी मनापासून क्षमा मागितली.

पण एका गोष्टीची क्षमा त्यांना मागता आली नाही, कारण ती कुणाला सांगायचीही त्यांना लाज वाटे. भिकुबाईलाही त्यांनी ती सांगितली नाही. ते जीव गुदमरत होते हे पुरतं कळल्यावरही, ती संध्याकाळ आठवली की त्यांना अजून बरं वाटे. बावीस वर्षांत त्यांच्याकडे तोंड करून इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं.